पारसिकच्या पोटातून अरबी समुद्राच्या तळाशी

[मेल-एक्स्प्रेसच्या दारातून चित्रण. कळव्याची कारशेड मागे पडते. अंधार.]

ठाणं सुटलं की थोड्याच वेळात मेल-एक्स्प्रेस पारसिकच्या बोगद्यात शिरते. २०२२ पर्यंत फास्ट लोकलही इथूनच जायच्या. सव्वा किलोमीटरहून थोडा लांब बोगदा. १९१६ पासून गाड्या इथून जातायत. डब्यातल्या गप्पा एक पट्टी वर चढतात. खिडकीबाहेर कुणी बघत नाही. पण त्या दीड-दोन मिनिटांत आपण गोठलेल्या लाव्हाच्या पोटातून जात असतो. हा लाव्हा ज्या उलथापालथीत आला, तिच्यातूनच आपला अरबी समुद्र आजच्या रूपात उघडला. तो अजून रुंदावतोय.

[ड्रोन. पारसिकचा माथा. दूरवर माथेरान.]

मागे दिसतंय ते माथेरान. त्याचे थर भाकऱ्यांची चवड लावावी तसे आडवे, एकावर एक. आता अलीकडे या आणि पारसिकचे थर बघा. दगड तोच, काळा पाषाण, पण थर पश्चिमेला समुद्राकडे उतरलेत. भूशास्त्रज्ञ या वाकण्याला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. पनवेलचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत आहे ते याच वाकण्यामुळे. पनवेलच्या शाळांमध्ये ते शिकवायला हवं.

[बंद पडलेली दगडखाण. उभी भिंत. कॅमेरा जवळ जातो.]

ही जुनी खाण. भिंतीच्या मधोमध एक लाल रेघ दिसते, गेरूचा हात फिरवल्यासारखी. खाली एक लाव्हा थिजला, त्याच्या वरच्या अंगाची हवापाण्याने माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजून निघाली. दोन लोटांच्या मधला निवांत काळ म्हणजे ही रेघ. बोट ठेवलं तर जेमतेम बोटाखाली मावते. वरच्या दगडात वाटाण्याएवढी भोकं आहेत. ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. काहींत पांढरे स्फटिक भरलेत.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर हे लोट आले. तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आणि आजची सेशेल्स बेटं आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेली होती. पुढे तीसेक लाख वर्षांत मधे चीर पडली. सेशेल्सचा तुकडा तिकडे राहिला, आपण उत्तरेला निघालो आणि मधे नवा तळ तयार होऊ लागला. थर कलले ते या फाटाफुटीच्या ताणात, असं बरेच अभ्यासक मानतात.

[दिवाळे गाव, बेलापूर. जेटी. होड्या.]

त्या तळाची गोष्ट विचारायला आम्ही दिवाळे कोळीवाड्यात आलो. इथल्या एका नाखव्याने आधी आपल्या आज्याची रीत दाखवली. दोरीच्या टोकाला शिसं, आणि दोरी दोन्ही हात पसरून मोजायची. पसरलेल्या हातांचं एक माप म्हणजे एक वाव. आता होडीवर यंत्र आहे. ते आवाज खाली सोडतं, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि खोली आकड्यात दाखवतं.

समुद्रातले डोंगर सापडले ते याच दोन रीतींनी. आधी दोरी, मग आवाज. जेटीवरून नैऋत्येला सुमारे दोन हजार किलोमीटर गेलं की वाटेतल्या सपाट खोल तळातून जमीन वर चढायला लागते. दीड-दोन हजार वाव पाण्याखाली एक पर्वतरांग उभी आहे. तिचं नाव कार्ल्सबर्ग रांग. १९२८ ते १९३० मध्ये 'दाना' या डॅनिश जहाजाने या समुद्रात मोजमापं केली. मोहिमेला पैसा देणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानचं नाव रांगेला मिळालं.

[नकाशा. हिंदी महासागराचा तळ. बोट रांगेवरून फिरतं.]

ती एकटी नाही. दक्षिणेला ती मध्य हिंदी रांगेला मिळते, पुढे दोन फाटे फुटतात. एक आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिकमध्ये जातो, दुसरा ऑस्ट्रेलियाच्या खालून पॅसिफिककडे. सगळी मिळून सुमारे ६५ हजार किलोमीटर लांब, पृथ्वीवरची सगळ्यात मोठी पर्वतरांग.

अटलांटिकमधल्या रांगेचं चित्र पहिल्यांदा नीट उभं केलं ते मेरी थार्प यांनी, न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत. तेव्हा बाईमाणसाला संशोधन जहाजावर घेत नसत. पुरुष सहकारी समुद्रावरून खोलीचे आकडे आणत आणि मेरीबाई टेबलाशी बसून ते कागदावर उतरवत. १९५२ च्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की रांगेच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, एक खोल दरी आहे. सहकारी ब्रूस हीझेन यांनी आधी ते उडवून लावलं. मग भूकंपांची ठिकाणं त्याच नकाशावर मांडली, तर ती दरीतच येऊन बसली.

आपल्या हिमालयाच्या माथ्यावर अशी चीर नाही. हिमालय दोन भूखंड एकमेकांवर रेटून उभा राहिला. समुद्रातली रांग दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे दोन मोठे तुकडे, दूर सरकल्याने उभी राहते. पट्ट सरकले की खालचा तापलेला खडक वर येतो. आच वाढली म्हणून तो वितळत नाही. तो आधीच तापलेला असतो, वरचा दाब उतरतो आणि त्याचा रस होतो. हा रस दरीच्या भेगांतून वर येतो, थंड पाण्याला लागताच त्यावर साय धरते, आत तो वाहतच राहतो आणि उशांसारखे गोळे होतात. नवा तळ गरम, म्हणून हलका, म्हणून उंच. बाजूला सरकत जाईल तसा तो निवतो, जड होतो, खाली बसतो. रांगेचा उतार म्हणजे हे निवत जाणं.

[कळव्यातली एक शाळा. भूगोलाचा तास. दोन बाकं, मधे फट.]

बाईंनी फटीतून वर्तमानपत्राचे दोन कागद वर काढलेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन मुली ते हळूहळू ओढतायत. बाई फटीपाशी खडूने दोन्ही कागदांवर एकदम पट्टा ओढतात. कागद सरकतात. मग दुसरा पट्टा, दुसऱ्या रंगाचा. पाच मिनिटांत दोन्ही बाकांवर सारखेच पट्टे येतात, आरशात बघावेत तसे.

हा खडू म्हणजे चुंबकत्व. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, लोहखनिजाचे कण असतात. दगड निवताना ते त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरतात आणि मग सोडत नाहीत. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं. शेवटचं उलटलं ते सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. सह्याद्रीच्या खालच्या बऱ्याच थरांत दिशा उलटी आहे, वरच्यांत सरळ.

आणि समुद्राच्या तळावरच्या या पट्ट्यांचा अर्थ लागला तो आपल्याच समुद्रातल्या मोजमापांवरून. तळ पसरतो असा विचार अमेरिकन भूशास्त्रज्ञ हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये मांडला होता, पण पुरावा नव्हता. त्याच वर्षी केंब्रिजचे भूशास्त्रज्ञ ड्रमंड मॅथ्यूज ब्रिटिश नौदलाच्या 'ओवेन' जहाजावरून कार्ल्सबर्ग रांगेवर आले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती. जहाजामागे चुंबकमापक ओढत त्यांनी एका छोट्या भागावर येरझारा घातल्या. केंब्रिजला त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने ते आकडे सोडवले, तर शेजारशेजारच्या दोन बुडालेल्या डोंगरांत एक सरळ, एक उलटा. सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांचा निबंध छापून आला. फारशी कुणी दखल घेतली नाही. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी हेच लिहिलं होतं, त्यांचा लेख तर नाकारला गेला. १९६६ पर्यंत दक्षिण पॅसिफिकमधून आरशासारखे स्वच्छ पट्टे हाती आले आणि वाद मिटला.

भूपट्ट सरकतात हे आज प्रत्येक मूल पाठ करतं. त्या धड्यात कार्ल्सबर्ग रांगेचं नाव असायला हवं. आपल्या दारातली गोष्ट आपण अटलांटिकच्या आकृतीवरून शिकतो, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

[अलिबाग. चुंबकीय वेधशाळा, बाहेरून.]

चुंबकत्व मोजण्याची परंपराही इथलीच. मुंबईच्या कुलाब्यात १८४१ पासून नोंदी होत्या. शहरात विजेची ट्राम येणार म्हणून १९०४ पासून मोजमापं अलिबागला सुरू झाली. वेधशाळेला दगड आणला तो थेट पोरबंदरहून, पारखून, कारण आपला काळा पाषाण स्वतःच होकायंत्राची सुई हलवतो. ही वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे, बस स्टँडवरून रिक्षाने जाण्याइतकं जवळ.

[पुन्हा समुद्र. दिवाळे जेटी, भरती.]

कार्ल्सबर्ग रांगेवर समुद्र वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर रुंदावतो. दीड बोट म्हणा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हापासून तो सव्वा ते दीड मीटर रुंद झालाय. रांगेवरच्या उष्ण झऱ्यांपाशी तांबं आणि जस्त साचतं. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने कार्ल्सबर्ग रांगेवर १० हजार चौरस किलोमीटरांत त्याचा शोध घेण्याचा करार केला आहे.

[नवी मुंबई विमानतळ. उलवे. निवेदन कमी, आवाज जागेचा.]

इथे उलव्याची टेकडी होती, नव्वदेक मीटर उंच. सुरुंग लावून ती उतरवली आणि तिच्याच दगडाने भराव घातला.

[पुन्हा ती खाण. मुलं भिंतीपाशी.]

आमचं मागणं एवढंच आहे की ही एक भिंत राहू द्यावी. कुंपण घालून, पाटी लावून, रेघेच्या वर काय आणि खाली काय एवढं मराठीत लिहून. कळव्याच्या त्याच वर्गातली मुलं आज इथे आलीत. एकाने होकायंत्र भिंतीला टेकवलंय, सुई थोडी कललीय. दुसरी मुलगी लाल रेघेवरून बोट फिरवत चाललीय.

भिंतीचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारी चारनंतर ऊन थेट तिच्यावर येतं आणि थर तेव्हा सगळ्यात स्पष्ट दिसतात.