छापील किंमत, वजनाची किंमत

(दृश्य : म्हापसा, शुक्रवारची सकाळ. केळ्यांचे घड, मिरच्यांचे ढीग, मातीची मडकी. गर्दीतून वाट काढणारी एक कापडी पिशवी.)

शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात पुस्तकं घ्यायला कोणी येत नाही. लोक येतात मयड्याच्या केळ्यांसाठी, चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळांसाठी, वर्षभराच्या मिरच्यांसाठी. मी पुस्तकांसाठी येतो, आणि म्हणूनच मला ती स्वस्त मिळतात.

मडक्यांच्या ओळीपलीकडे कधीतरी एक ताडपत्री पसरलेली असते. तिच्यावर जुनी कुलपं, पितळी नळ, रेडिओचे सांगाडे आणि त्यांच्याखाली दबलेली चार-पाच पुस्तकं. विकणारा पुस्तक उघडत नाही, अंगठ्याने जाडी चाचपतो. जाड असेल तर 50 रुपये, पातळ असेल तर 20. या हिशेबाने मुखपृष्ठ गेलेली डिक्शनरी महाग पडते आणि कवितासंग्रह नेहमी स्वस्त. कवींनी मनाला लावून घेऊ नये, प्रकाशकही साधारण असाच विचार करतात.

गोव्यात स्वस्त पुस्तकांमागे फिरताना मला एक अंदाज बसला. विकणाऱ्याला पुस्तकाची जितकी माहिती, तितका भाव चढा. म्हणून दुकान बघताना मी आधी दुकानदाराकडे बघतो.

(दृश्य : किनाऱ्याकडचा रस्ता, स्कूटरवरून. माडांच्या सावल्या. एका गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यातलं पुस्तकांचं कपाट.)

किनारपट्टीवर पुस्तकं येतात ती विमानाने. हरमल, पाळोळे, हणजुणेचा बुधवारचा बाजार, सगळीकडे तीच गोष्ट. पाहुणा दोन कादंबऱ्या घेऊन येतो, वाळूत वाचतो, आणि परतताना सामान जड होतं म्हणून इथेच सोडून जातो. गेस्ट हाऊसच्या कपाटात मग रशियन, जर्मन, हिब्रू, स्वीडिश शेजारी शेजारी नांदतात. बऱ्याच ठिकाणी अदलाबदल चालते. एक ठेवा, एक न्या, वर थोडे पैसे. कळंगुटला गौरावाड्यात 'लिटराती' हे पुस्तकांचं दुकान एका जुन्या घरातच आहे. तिथे मात्र दुकानदाराला पुस्तकं कळतात. तेव्हा भाव वाजवी असला तरी घबाड हाती लागेल अशी आशा धरू नये.

मराठी पुस्तक या पट्ट्यात जवळजवळ नाहीच. आपण पुढे जाऊ.

(दृश्य : पणजी, इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाचं प्रवेशद्वार. निळ्या-पांढऱ्या फरशांची भिंत.)

पणजीत मराठी पुस्तकांचं प्रदर्शन लागलं, की ते बऱ्याचदा इथे असतं. दारातच आझुलेजू फरशांची भिंत आहे, 1935 सालची, जॉर्ज कोलासूने रंगवलेली. तिच्यावर पोर्तुगीज महाकाव्यातले खलाशी समुद्रावर निघालेत, आणि आतल्या सभागृहात टेबलांवर 'कोणतेही पुस्तक 100 रुपये'.

या पाटीखाली थेट जाऊ नका. त्या टेबलावर पाककृती, व्यक्तिमत्त्व विकास आणि तीन पिढ्या न खपलेली प्रवासवर्णनं असतात. खरी स्वस्ताई मागच्या रांगेत, भिंतीला लागून. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती संपायला कधी कधी वीस वर्षं लागतात. त्यामुळे 1995 साली छापलेली प्रत आजही कोरी मिळते आणि तिच्यावर छापलेले असतात 60 रुपये. प्रामाणिक विक्रेता 60च घेतो, वर दहा टक्के सूटही देतो. काही जण जुन्या किमतीवर नवं लेबल डकवतात. म्हणून आधी मलपृष्ठावर नख फिरवून बघा. लेबलाखाली काय आहे ते उजेडात धरलं की दिसतं.

जवळच्याच टेबलावर एकाच पुस्तकाच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या, चार किमती. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजी गेले 1950 मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे 2011पासून ते कोणीही छापावं. ज्याने त्याने छापलं. सगळ्यात स्वस्त आवृत्तीत अक्षर बारीक, कागद करडा आणि मुद्रणदोष इतके, की श्यामची भाषाच बदलून जाते. इथे मी 40 रुपये जास्त मोजतो. तरी ती स्वस्त आवृत्तीही कायदेशीर आहे. फुटपाथवर प्लॅस्टिकात गुंडाळलेली, निम्म्या किमतीतली गाजलेली पुस्तकं बहुतेक चोरछपाईची असतात. लेखकाला त्यातला एक पैसाही पोचत नाही.

माझीही एकदा फसगत झाली आहे. अशाच एका प्रदर्शनात निम्म्या किमतीत जाडजूड कादंबरी मिळाली. घरी येऊन रात्रभर वाचत बसलो. खून झाला, संशयित जमले, आणि एक फर्मा, म्हणजे एकत्र छापलेली सोळा पानं, दोनदा बांधलेला, पुढचा गायब. त्या गायब सोळा पानांत गुन्हेगार पकडला गेला होता. विक्रेत्याला शोधून काढेपर्यंत प्रदर्शन पुढच्या गावी गेलं होतं. तेव्हापासून पुस्तक घेताना मी कथानक बघत नाही, पानांचे आकडे बघतो.

आणि टपालाचं एक सांगायलाच हवं. पुण्या-मुंबईहून मागवायचं, तर गोव्यातल्या वाचकाला स्वस्त रजिस्टर्ड बुकपोस्टचा मोठा आधार होता. डिसेंबर 2024 मध्ये पोस्टाने ती सेवा बंद केली. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण पातळ पुस्तकाला आता कधी कधी किमतीइतकाच पोचवायचा खर्च येतो.

घ्यावं की नाही हे ठरत नसेल, तर पणजीतल्या पाटोवर जा. 1832 साली सुरू झालेलं सरकारी ग्रंथालय आता कृष्णदास शामांच्या नावाने तिथल्या नव्या इमारतीत आहे. आधी बसून वाचावं, मग विकत घ्यायचं ठरवावं. माझे कितीतरी पैसे तिथे वाचले आहेत.

(दृश्य : पाऊस. कौलांवरून पागोळ्या. एक हात पुस्तक नाकाजवळ नेतो.)

गोव्यात जुनं पुस्तक डोळ्यांआधी नाकाने तपासतात. आषाढ-श्रावणात कपाटातल्या पुस्तकालाही बुरशी धरते, मग गोदामातल्याची काय कथा. कुबट वास आला तरी लगेच सोडू नका, कोरड्या हवेत उभं उघडून ठेवलं की पुष्कळदा जातो. पण पानं एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली असेल तर हात लावू नका. पुठ्ठ्याच्या सांध्यात बघा, तिथे कसर असते. मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर ती वाळवी. असं पुस्तक फुकट मिळालं तरी घरात आणू नये, बाकीच्यांचा फडशा पाडेल. शिवलेली बांधणी टिकते, नुसती गोंदाने चिकटवलेली दुसऱ्या पावसाळ्यात पानं सोडते.

आणि आत ग्रंथालयाचा शिक्का असेल तर त्याच्या जोडीला 'बाद' किंवा 'रद्द' असा दुसरा शिक्का आहे का बघा. नसेल, तर ते पुस्तक कोणीतरी परत करायचं विसरला आहे.

(दृश्य : मडगावहून रायतूरकडे. भातशेती, टेकडीवरची सेमिनरी.)

मडगावजवळच्या या रायतूरला, म्हणजे राशोलला, 1616 साली एक मराठी पुस्तक छापलं गेलं. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, सुमारे 11 हजार ओव्या, रोमन अक्षरांत. पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्यापर्यंत पोचल्या त्या लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकला. भंगारात रोमन अक्षरांचं, पानं तपकिरी झालेलं काही दिसलं की माझा हात अजूनही थबकतो. आतापर्यंत प्रत्येक वेळी प्रार्थनेचं पुस्तकच निघालं आहे.

(दृश्य : फोंडा. रद्दीचं दुकान, काटा, वर्तमानपत्रांचे गठ्ठे.)

आता माझं आवडतं दुकान. त्याला पाटी नाही.

दिवाळी अंकांचा भाव इथे पंचांगाप्रमाणे उतरतो. तुळशीच्या लग्नापर्यंत स्टॉलवर पूर्ण किंमत, पौषात निम्मी, आणि महाशिवरात्रीला ते इथे येऊन गठ्ठ्यात बसतात. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून किती घरांच्या माळ्यावरून किती अंक असे उतरले असतील!

पण मी इथे अंकांसाठी येत नाही, नाटकांसाठी येतो. गोव्यात देवळाचा उत्सव आला की गावातलीच मंडळी मराठी नाटक बसवतात. दुकानदार, मास्तर, बसचा कंडक्टर, सगळे राजे आणि सरदार होतात. त्यासाठी नाटकाचं पुस्तक लागतं, तालमीत ते हातोहाती फिरतं, आणि पुढच्या पिढीने घर आवरलं की वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत जातं. दुसरीकडे कोऱ्या प्रतीला मान असतो. मला मात्र जितकी खराब प्रत तितकी हवी. समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, 'इथे पेटी', 'हे भाषण कापले', 'डावीकडून प्रवेश'. पात्रांच्या नावांपुढे गावातल्या माणसांची नावं. एका ठिकाणी नायिकेच्या नावापुढे खोडून खोडून तीन पुरुषांची नावं होती.

परवा असंच एक मिळालं. मुखपृष्ठ नाही, मागची चार पानं नाहीत. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, वर कोपऱ्यात, निळ्या शाईत लिहिलेलं : 'वीज गेली. पुढचा अंक गॅसबत्तीवर.'

"किलोक कितलें?" मी विचारलं.

त्याने पुस्तक काट्यावर ठेवलं. आकडा हललाच नाही. त्याने काट्याला एक टपली मारली, पुन्हा ठेवलं, मग माझ्या हातात दिलं.

"तशेंच व्हर." असंच घेऊन जा.

(दृश्य : गॅसबत्तीची ओळ, जवळून. मग काळोख.)