जुनं नाव कुणी सेव्ह केलं?

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे. हशा आणि खोकला वगळला आहे.)

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढं 'आपला वारसा, आपली मुळं' असं छापलंय. हा विषय मार्चमध्ये मीच सुचवला होता. तेव्हा वाटलं होतं, जुलैत पुण्याला जायचंच आहे, चार कचेऱ्या पालथ्या घालू, वंशावळ घेऊन येऊ आणि दिवाळीला तुमच्यापुढं फडकवू. वंशावळ आणलीय, खिशात आहे. पण ती फडकवण्याजोगी राहिली नाही, आणि त्याला कारण आमची नात.

नात नऊ वर्षांची. शाळेत त्यांना घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं होतं. प्रत्येक फांदीवर चौकोन, चौकोनात दोन ओळी. वरच्या ओळीत नाव, खालच्या ओळीत जन्माच्या वेळचं नाव. तिच्या वर्गातल्या एका मुलीची कुणी खापरपणजी सोन्याच्या खाणींच्या काळात, म्हणजे १८५०च्या दशकात, बोटीनं इथं मेलबर्नला उतरली. त्या बाईचं माहेरचं नाव, बोटीचं नाव, सगळं त्या पोरीला तोंडपाठ. इथल्या सरकारी दफ्तरात उतारूंच्या याद्या जपून ठेवल्यात ना! म्हटलं, आपण काय कमी आहोत? श्राद्धाला गुरुजी विचारतात तेवढ्या तीन पिढ्या आपल्याला पाठच असतात. मी धडाधड सांगत सुटलो. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. पणजीचं नाव लक्ष्मीबाई. नात लिहीत गेली, आणि मग खालच्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"खालचं सांग ना, आबा."

"खालचं नाही माहीत. आपल्यात लग्नात नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचे."

"मग जुनं नाव कुणी सेव्ह केलं?"

मी हसलो. आमची ही हसली नाही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "आधी तिला माझ्या चौकोनातली खालची ओळ भरून द्या."

मंडळी, मला आठवायला वेळ लागला. किती लागला ते सांगत नाही, ती तिसऱ्या रांगेत बसलीय. १९७९ साली पुण्यात तांदळात अंगठी फिरवणारा मीच होतो. नवं नाव मीच शोधलं होतं, माझ्या नावाशी यमक जुळतं म्हणून. तिला ते आवडलं असं मी सगळ्यांना सांगायचो. तिला विचारलं होतं का, तर नाही. त्या रात्री पोळ्या झाल्या, भाजी झाली, बोलणं काही झालं नाही.

तर असा मी जुलैत पुण्याला पोचलो. पाऊस, खड्डे आणि डोक्यात ते 'सेव्ह'.

पहिला धक्का घरातच बसला. लहानपणापासून आमच्याकडं कुठलाही कागद मागितला की एकच उत्तर: पानशेतात गेला. आजोबांची सनद, पत्रिका, जुने फोटो, सगळं पानशेतात. १२ जुलै १९६१, धरण फुटलं, आमचा वाडा नारायण पेठेत, पुढं बोलायची सोय नाही. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या घरी हेच उत्तर असणार. या खेपेला आत्याशी बोललो. वय ९१, कान उत्तम, गुडघे गेलेले. म्हणाली, "पानशेतात कसलं? ट्रंक दुसऱ्या मजल्यावर माळ्यावर होती, पाण्याचा थेंब लागला नाही तिला. वाडा पाडला तेव्हा तुझ्या काकूनं रद्दीत घातली. तीन वेळा तराजू लावला रद्दीवाल्यानं." साठ वर्षं आम्ही एका धरणावर आळ घेतला.

आणि हे कुठं, तर सदाशिव पेठेला लागून. ज्या पेठेत इतिहासकार राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी १९१० साली काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरातून कागद गोळा केले, आणि पुढं आमच्या काकूनं हाकेच्या अंतरावर ते किलोनं विकले.

मग आडनावावरून गाव शोधू म्हटलं. आम्ही वडगावकर. सोपं वाटतं ना? एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव काशिंबेग आणि वडगाव आनंद. आठवर आलो आणि मोजणं सोडलं. जाणकार म्हणतात, अशा वेळी कुलदैवत बघावं, त्यावरून मूळ गावाचा माग लागतो. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. म्हणजे अर्धा महाराष्ट्र आमचा भाऊबंद.

पेशवे दफ्तरातही जाऊन आलो. कौन्सिल हॉलजवळची ती १८९१ सालची दगडी इमारत. आत रुमालांवर रुमाल. नव्या पिढीसाठी सांगतो, रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून छापले त्याचेच ४५ खंड झाले, आणि ते म्हणजे समुद्रातली चूळ. माझा उत्साह बघून तिथल्या एका अभ्यासकानं हळूच विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणाला इनाम होतं?" नाही. "वतनाचा तंटा? फौजदारी?" तेही नाही. पणजोबा छापखान्यात कंपोझिटर. खिळे जुळवायचे. "मग इथं कशाला सापडतील?" बरोबरच आहे. दफ्तरात नाव यायला एक तर काहीतरी मिळवावं लागतं, नाही तर काहीतरी करावं लागतं. आमच्या पूर्वजांनी दोन्हींत आळस केला.

शिवाय मोडी, म्हणजे ते जुने कागद ज्या लिपीत आहेत ती. हौसेनं वर्गाला जाऊन बसलो. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारतात आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिच्यावर अक्षरं टांगतात. हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही. शाळेत माझ्या शुद्धलेखनाला आयुष्यभर झोडपणाऱ्या मास्तरांची फार आठवण आली. शेजारी कॉलेजातली एक मुलगी भराभर वाचायची. २०२३ मध्ये सरकारनं जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आलेत म्हणे. तीन आठवड्यांत मला 'श्री' वाचता येऊ लागला. तो सगळ्या कागदांवर असतो, त्यामुळं प्रगती वाटते.

मृत्यूच्या नोंदवहीत पणजोबा मात्र सापडले. ते कुठल्या कार्यालयात आणि कितव्या खेपेला, ते जाऊ द्या. 'उद्या या' हे वाक्य बदललेलं नाही, एवढं सांगतो. नोंद ऑक्टोबर १९१८ची. कारण: ताप. म्हणजे मानमोडी, ज्याला आता सगळे स्पॅनिश फ्लू म्हणतात. त्या पानावर वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याचा हात दुखला असावा, कारण अर्ध्यानंतर त्यानं शब्दच लिहिला नाही, खाली दोन बारीक रेघा ओढत गेलाय. आमचे पणजोबा त्या रेघांत आहेत.

आणि लक्ष्मीबाई? ती शेवटी त्र्यंबकेश्वरला भेटली.

तीर्थोपाध्यायांकडं वह्या असतात, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या घरचं कुणी पूर्वी आलं असेल तर त्याच्या हातची नोंद. गुरुजींनी चष्मा लावला आणि विचारलं, "वडगावकर. कुठलं वडगाव?" म्हटलं, गुरुजी, तेच विचारायला आलोय. पाऊण तास वह्या उलटल्यावर आजोबांचं अक्षर निघालं. मी ते ओळखलं. आमच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत तसाच 'ळ' असायचा, पोट फुगलेला. मूळ गाव या शब्दापुढं आजोबांनी लिहिलं होतं: वडगाव. बस. पुढं पूर्णविराम. पुणेरी माणूस, जास्तीचा शब्द कशाला खर्च करेल!

पण त्याच्याखालची ओळ वाचून मी पायरीवर बसलो. 'तीर्थरूप वडील, मयत. प्रथम संबंध लक्ष्मीबाई, मयत. द्वितीय संबंध लक्ष्मीबाई.'

दोन लक्ष्मीबाया. पहिली गेली, दुसरी आणली, आणि तांदळात पुन्हा तेच नाव लिहिलं. घरातल्यांच्या जिभेला वळण पडलेलं असणार, ते कशाला मोडा! आजवर श्राद्धात आम्ही एका लक्ष्मीबाईचं नाव घेत आलो. ते कुणाला पोचत होतं, देव जाणे. आणि आजोबा कुणाच्या पोटचे? त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला. त्यात जन्मतारीख आहे, जात आहे, वडिलांचं नाव आहे, शाळा सोडल्याचं कारण आहे. आईच्या नावाचा रकानाच नाही.

रात्री नातीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सेव्ह केलंच नाही. वरून ओव्हरराइट केलं."

आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका. परत आल्यावर मी आपल्या मंडळाची जुनी सभासद वही मागवली. ती एका माजी अध्यक्षांच्या गराजमध्ये बार्बेक्यूच्या खाली होती. पहिल्या दहा वर्षांत सगळीकडं 'श्री. व सौ.' अमुक तमुक. नाव श्रींचं. सौ. म्हणजे नुसतीच सौ. ज्यांनी पहिल्या गणपतीला दोनशे मोदक वळले, त्यांतल्या एकीचंही नाव आपल्या वहीत नाही. आणि वही लिहिणारा चिटणीस कोण होता? हं, मीच. अक्षर छान आहे.

आपण ग्रुपवर अटकेपारच्या झेंड्याचे निरोप रोज पहाटे पुढं ढकलतो. झेंडा नेणाऱ्यांचे घोडे कुठल्या रंगाचे होते यावर आपली भांडणं होतात. आणि बैठकीच्या खोलीत आजीचा फोटो आहे, त्यामागं नाव लिहिलेलं नाही. तिकडं महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आपल्या ग्रुपवर त्यावर काय आलं? एवढं लांब नाव इथल्या फॉर्ममध्ये मावणार कसं! मी त्यावर हसणारा पिवळा चेहरा टाकला होता. मार्चच्या आधीची गोष्ट आहे ती.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याकडं गेलो. तिनं दुसऱ्या लक्ष्मीबाईला पाहिलंय. आलवणातली, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्यातली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून गहू निवडणारी आजी. मी वहीतली गोष्ट सांगितली, सख्खी की सावत्र ते कळत नाही म्हटलं. आत्या म्हणाली, "तिनंच वाढवलं ना त्याला? मग?" आणि जरा वेळानं, मी चपला घालत असताना, आपणहून म्हणाली, "तिचा भाऊ यायचा भाऊबीजेला. चिंचवडहून, सायकलवर. तो काही लक्ष्मी म्हणायचा नाही तिला. दारातनंच हाक मारायचा, वेगळ्याच नावानं. आणि ती गहू तसेच टाकून उठायची."

मी एक पाय चपलेत, एक जमिनीवर. "काय नाव, आत्या?"

"'ब'नं होतं काहीतरी. थांब, येईल आठवून."

तेव्हापासून दर रविवारी फोन करतो. मग म्हणाली, 'ब' नव्हे, 'य' असावं. गेल्या रविवारी म्हणाली, नाव आठवत नाही पण हाक ऐकू येते, शेवटी लांबवायचा तो. आत्तेभाऊ बाजूला घेऊन सांगतो, अलीकडं तिला जेवली की नाही तेही आठवत नाही, तू फार ताणू नकोस. ताणू नको म्हणजे काय करू? चिंचवडच्या त्या भावाचं नाव तरी कुठं आहे माझ्याकडं?

नातीनं शाळेत झाड केव्हाच देऊन टाकलं. घरची प्रत फ्रिजवर लावलीय. आजीच्या चौकोनातली खालची ओळ भरलीय, ठळक, पेनानं. काय लिहिलंय ते तिसऱ्या रांगेत जाऊन विचारा, मला सांगायची परवानगी नाही. उद्या रविवार. पुण्यात सकाळचे नऊ वाजले की, म्हणजे आपल्याकडं अडीचला, फोन लावेन. नात शेजारी पेन्सिल घेऊन बसते. पणजीच्या ओळीला पेन नको म्हणते. आत्याआजी सारखं बदलते.