कपडा उलटा करून बघा

नमस्कार मंडळी. आषाढ लागला की लक्ष्मी रोडपासून ते आपल्या गल्लीतल्या छोट्या दुकानापर्यंत सगळीकडे सेलचे बोर्ड लागतात, एकावर एक फ्री, दोनावर तीन फ्री, आणि आता तर बोर्ड बघायला बाहेरही पडावं लागत नाही, परवा नुसता बघून सोडून दिलेला कुर्ता आज स्वस्त झालाय हे मोबाईल सकाळी सकाळी आपणहून सांगतो. तर अशा दिवसांत मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी आज तीन-चार वेळा सांगणार आहे, कारण रेडिओवर पान मागे उलटता येत नाही. कपडा घ्यायच्या आधी तो उलटा करून बघा. नवा असो नाहीतर कुणी वापरलेला असो, हजाराचा असो नाहीतर शंभराचा, उलटा करा, शिवण बघा, आणि मग पाकिटाला हात घाला.

ही परीक्षा सगळ्यात चांगली कुणाला येते माहितीये का? बोहारणीला. दुपारी दारात भांड्यांची पाटी उतरवून बसते ती. आपलं सगळं लक्ष त्या स्टीलच्या डब्याकडे असतं आणि तिचं लक्ष आपल्या पॅन्टकडे. ती पॅन्ट उलटी करते, बैठकीचा भाग उजेडाकडे धरून बघते की कापड विरलंय का, चेन दोनदा वरखाली करते, पायाची दुमड उलगडून बघते, आणि मग म्हणते, ताई ह्यावर डबा नाही बसत, अजून एखादी साडी टाका. आपल्याला वाटतं घासाघीस करतेय. अहो तिला ते कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून बाजारात पुन्हा विकायचे असतात, कापडात दम नसेल तर तिचा डबा बुडाला. म्हणजे हे जे आता मुलं-मुली इन्स्टाग्रामवर थ्रिफ्टिंग करतात, म्हणजे वापरलेले कपडे घेतात, ते आपल्या दारात कायमच चालू होतं, फक्त आपण देणाऱ्याच्या बाजूला होतो आणि घेणाऱ्याच्या बाजूला जायची आपल्याला लाज वाटायची. ती लाज जायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं. अहो आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याला आधी जुन्याच साडीची दुपटी आणि कुणाच्यातरी बाळाची वापरलेली झबली घालतात, कारण ती मऊ असतात. आणि लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणायचे, दंडाचं लुगडं नेसून आपल्या आज्या-पणज्या शेतात राबल्या, घरं चालवली. त्यात कमीपणा कसला?

बरं, आता मी तुम्हाला माझ्या भाच्याच्या कोटाची गोष्ट सांगते, ही मला फार आवडते.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू होणार होते आणि कॉलेजनं सांगितलेलं ब्लेझर पाहिजे म्हणून. मॉलमध्ये बघून आला, सात-आठ हजारांच्या खाली काही दिसेना, तर मला म्हणाला, अगं आत्या, चार वेळा घालायला एवढे पैसे? मला त्याचं फार बरं वाटलं, म्हटलं चल रविवारी जुन्या बाजारात. पुण्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको, मंगळवार पेठेतला, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. पाने-पक्कड, ड्रिलची बिटं, पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, जुनी नाणी आणि त्याच्यामध्येच प्लास्टिकच्या कागदावर कपड्यांचे ढीग. त्या ढिगात एक कोट सापडला. राखाडी, त्यात बारीक तपकिरी रेघ, वुलनचा, आणि डांबराच्या गोळ्यांचा असा वास की दोन फुटांवरून यावा. भाच्यानं घालून बघितला, खांदे बरोबर बसले पण बाह्या बोटांपर्यंत आल्या आणि कमरेत सगळा ढगळ. तो म्हणाला हा बाद. मी म्हटलं थांब, खांदे बसलेत ना, मग बाकीचं होतं. हे पण लक्षात ठेवा बरं का, कोट असो, शर्ट असो, कुर्ता असो, जुन्यात घेताना आधी खांदा बघायचा, बाही आणि कंबर कमी करता येते पण खांदा उचलायचा म्हणजे शिंपी मास्तरला अर्धा कपडा उसवावा लागतो आणि एवढं करून तो पहिल्यासारखा पडेलच असं नाही. विकणाऱ्यानं आठशे सांगितले, साडेतीनशेला दिला.

तिथून आम्ही पेठेतल्या एका मास्तरांकडे गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, वर दांडीला पिशव्या लटकवलेल्या. वय सत्तरीच्या पुढे असेल. त्यांनी कोट हातात घेतला आणि पहिलं काय केलं? उलटा केला. समोरून बघितलाच नाही! चष्मा लावला, पाठीच्या मधल्या शिवणीवरचं अस्तर ब्लेडनं बोटभर उसवलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. म्हणाले, ताई, हे बघा. तिथं कापडावर बारीक भोकांच्या रांगा होत्या, एकाशेजारी एक, मशीनच्या सुईच्या. म्हणाले, ही आतली रांग पहिली टीप. हा कोट शिवला तेव्हा माणूस सडपातळ होता. मग इथं सोडलाय, बाहेरच्या रांगेवर, म्हणजे अंगानं भरला, बहुतेक लग्नानंतर. आणि ही आत्ताची टीप परत आत आलीय, म्हणजे म्हातारपणी उतरला. आणि एवढं होऊनसुद्धा आत अजून दीड इंच दाब, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, शिल्लक आहे, ज्यानं शिवला त्यानं माणसाचं सगळं आयुष्य धरून शिवलाय.

अहो माझ्या अंगावर काटा आला. भाचा तर बघतच राहिला, त्याला वाटलेलं कोट म्हणजे मापाचा डबा, एस एम एल.

मग मास्तरांनी त्याला छातीपाशी कापड चिमटीत धरायला लावलं आणि हळूच चोळायला सांगितलं. वरचं कापड आणि आतलं अस्तर ह्याच्यामध्ये तिसरा एक थर सुटासुटा सरकत होता. ते म्हणाले हे कॅनव्हास, हातानं टाके घालून बसवलेलं, म्हणून कोट अंगावर धरतो. आता रेडीमेडमध्ये बहुतेक ठिकाणी हे फ्युजिंगनं चिकटवतात, गरम प्रेस मारला की झालं, मग काही धुण्यांनंतर छातीवर फुगे यायला लागतात आणि ते फुगे कुणी काढू शकत नाही, मीपण नाही.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. कोटाच्या उजव्या खिशाची कड झिजून दोरे निघाले होते, मी विचारलं ह्याचं काय? त्यांनी त्याच कोटाच्या आतल्या दाबातून सुईनं एकेक धागा ओढून काढला, तोच रंग, तीच लोकर, त्याच वर्षाची, आणि त्या धाग्यानं खिशाच्या कडेला रफू घातली. उभे धागे आधी, मग त्यातून आडवे, एक वर एक खाली. बाहेरून आणलेला दोरा कितीही मॅच केला तरी ओळखू येतो म्हणाले, कोटाचा धागा कोटालाच. हा सगळा कारभार मी तिथल्या स्टुलावर बसून बघितला, चहा मागवला होता तो गार झाला.

बाह्या कमी केल्या, कंबर घेतली, रफू, इस्त्री, सगळ्याचे मास्तरांनी सहाशे सांगितले. मी एक रुपया कमी करा म्हटलं नाही, आणि हे मी सगळ्यांनाच सांगते, मॉलमध्ये स्टिकरवरची किंमत मुकाट देणारी आपण माणसं ऑल्टरवाल्याशी वीस रुपयांवरून वाद घालतो, हे बरोबर नाही. डोळे फोडून केलेलं काम आहे ते, त्यांच्या मुलांनी ह्या धंद्यात का यावं मग? आज कुठल्याही पेठेत विचारा, रफू करणारा शोधायला अर्धा दिवस जातो.

तर कोट तयार झाला. भाच्यानं घातला, इंटरव्ह्यू दिले, नोकरी लागली, ती त्याच्या अभ्यासामुळे लागली. पण नंतर तोच कोट त्याच्या रूममेटनं घातला, मग शेजारच्या खोलीतल्या मुलानं. तो मुलगा चांगला आडदांड, तालमीत जाणारा, म्हणून परत मास्तरांकडे नेला आणि मास्तरांनी पाठीत पुन्हा सोडून दिला. दाब होता ना! भाच्यानं मला फोन करून सांगितलं, आत्या, आता आणखी एक रांग झाली.

म्हणून म्हणते, उलटा करून बघा. दाब आहे का, टीप सरळ आहे का, काखेत आणि बैठकीत कापड विरलंय का. जुन्यात तर बघाच, पण नव्यात जास्त बघा. बायकांच्या रेडीमेड कुर्त्या उलट्या करून बघितल्यात का कधी? ओव्हरलॉक मारलेली पाव इंचाची पट्टी असते, बास. जरा वजन वाढलं की कुर्ती गेली. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण हक्कानं सांगतो की मास्तर, आत दोन शिलाया जास्तीच्या ठेवा, मग कुर्तीला का नाही मागत? आणि खिसे! पुरुषांच्या पॅन्टला चार-चार खिसे आणि आमच्या सलवारीला एकही नाही, किल्ली कुठं ठेवायची, मोबाईल कुठं ठेवायचा? हा वेगळा विषय आहे, मला माहितीये, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

आता थोडं ह्यामागच्या हिशोबाचं. एका कॉटनच्या टी-शर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी जातं असं डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गरक्षणाचं काम करणारी संस्था सांगते. आपल्या विदर्भातली बरीचशी कपाशी पावसावरची आहे त्यामुळे तिथला हिशोब वेगळा, पण बाया वाकून वाकून बोंडं वेचतात ते तर कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नसतं. बांगलादेशात ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळे कपडे शिवणारे कामगार. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं. स्वस्त कपडा कुणाला तरी महाग पडलेला असतो. आणि टाकलेले कपडे कुठं जातात? आपल्याला पानिपत १७६१ मुळे माहिती, पण आज जगभरातल्या जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे तिथं येतात, बायका बसून ते रंगाप्रमाणे वेगळे करतात, मग फाडून त्याचं सूत काढतात आणि घोंगड्या विणतात. पूर-भूकंपात वाटल्या जाणाऱ्या बऱ्याच ब्लँकेटी अशाच बनलेल्या असतात. चांगलं काम आहे, पण आपण टाकतो त्याच्यापुढे ते किती पुरणार?

म्हणून आधी कमी घ्या. मोबाईलवर कुर्ता आवडला तर कार्टमध्ये टाकून महिनाभर तसाच ठेवा, पुढच्या महिन्यात आठवला तर बघू. बहुतेक वेळा आठवतच नाही. आणि घेताना मनात म्हणा, हा मी कशावर घालणार, कुठं घालणार, तीस वेळा तरी घालणार का? दोन हजाराची साडी दोनदा नेसली तर हजाराला एकदा पडली, आणि तीच पन्नास वेळा नेसली तर चाळीस रुपयांना. साधा भागाकार आहे.

ह्यात सगळ्यात वाया जाणारा पैसा कुठला सांगू? लग्नाच्या बस्त्यातल्या मानाच्या साड्या. चाळीस-चाळीस साड्या एका रंगाढंगाच्या गठ्ठ्यानं आणायच्या, देणाऱ्यालाही माहिती की ही नेसणार नाही, घेणारीलाही माहिती, ती कपाटात पडते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या ओटीत जाते, घडीसुद्धा मोडत नाही. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी एकदा सगळ्या मानकरणींना फोन करून मोकळेपणानं विचारा की साडी हवी का. नको म्हणतील हो, आनंदानं नको म्हणतील. कुणाला तरी सुरुवात करावीच लागेल.

आता ज्यांना जुनं घ्यायचंय पण बाजारात जाणं होत नाही, त्यांच्यासाठी. ऑनलाइन जुने कपडे विकणाऱ्या पुष्कळ मुली आहेत, तिथं एम-एलच्या भरवशावर राहू नका. स्वतःची सगळ्यात छान बसणारी कुर्ती पलंगावर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा, मग खांदा, मग उंची, आणि ती मापं वहीत लिहून ठेवा. विकणारीला तीच मापं विचारा. आणि आतल्या बाजूचा फोटो मागा, उलट्या बाजूचा, काखेचा आणि शिवणीचा. जी पाठवत नाही तिच्याकडून घेऊ नका. आतले कपडे वापरलेले कधीच घेऊ नका, हे सांगायला नको.

घरी आणल्यावर सुती असेल तर गरम पाण्यात साबण घालून तासभर भिजवा, धुवा, कडक उन्हात उलटा वाळत घाला आणि शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. लोकरीचा असेल तर गरम पाणी अजिबात नाही, आटून लहान मुलाच्या मापाचा होईल. त्याला आधी मऊ ब्रशनं झाडा, दोन-तीन दिवस हवेशीर सावलीत टांगा, मग थोडा वेळ कोवळं ऊन द्या, डांबराच्या गोळ्यांचा वास त्यानंच जातो, आणि तरी नाही गेला तर ड्रायक्लीनला टाका. पावसाळ्यात मात्र लोकरीचं काही घ्यायचंच असेल तर घरी आणल्यावर लगेच कपाटात कोंबू नका, चार दिवस उघडीप मिळेपर्यंत पंख्याखाली ठेवा, कसर लागली तर शेजारचे कपडेही जातील. नमस्कार.