पोस्टडॉकच्या अर्जात उद्यमनगर लिहा

पोस्टडॉक म्हणजे परत शिकायला जाणं नव्हे, हे आधी सांगतो, कारण तुमच्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी विचारतंच, "पीएचडी झाली की रे, आता आणि काय शिकायचं राहिलंय?" तर घरी सांगा, पीएचडीनंतरची, ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी आहे. जर्मनीतल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत प्रोजेक्टवर घेतलेल्या पोस्टडॉकला साधारण टीव्ही-एल ई-13 या सरकारी वेतनश्रेणीत पगार असतो, करार असतो, रजा असते, पेन्शनसाठी पगारातून कपात होते. नेदरलँड्समधलं डेल्फ्ट घ्या नाहीतर स्टॉकहोमचं केटीएच, ह्याही टेक्निकल युनिव्हर्सिट्याच, तिथं जागा रीतसर जाहिरात देऊन भरतात.

आता जाहिरात असते एका प्रोजेक्टची, एका कामाची, आणि आपली पोरं पाठवतात काय, तर पेपरांची यादी, इम्पॅक्ट फॅक्टर, परिषदांची सर्टिफिकेटं, आणि तेच पत्र पन्नास प्रोफेसरांना. ह्याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मचं, म्हणजे काचेवर वगैरे पदार्थाचा अगदी पातळ थर बसवायचं काम किती वर्षांचं आहे बघा, स्प्रे पायरोलिसिस, केमिकल बाथ, सिलार, सगळ्या थर बसवायच्या पद्धती, इथनं कितीतरी जण कोरियाला पोस्टडॉक करून आले, त्यातले काही आत्ता समोर बसलेत. आणि ह्यातलं बरंचसं काम लॅबमध्ये स्वतःच उभ्या केलेल्या सेटअपवर झालंय. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं स्प्रेचं युनिट स्वतः बनवून घेतलं, कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडं उभं राहून नोझल करून घेतलं, स्टेपर मोटर बसवली, हीटर प्लेटचं तापमान एका जागी राहीना म्हणून कंट्रोलर बदलला, आणि हे सगळं बायोडाटात कुठंच नाही! ऑनलाइन इंटरव्ह्यूत स्लाइडवर फोटो दिसला तेव्हा प्रोफेसरनं विचारलं, हे बनवलं कुणी? पुढचा सगळा वेळ त्याच यंत्रावर बोलणं झालं, आणि जागा तिला मिळाली. टेक्निकल युनिव्हर्सिटीला यंत्र उभं करणारा, बिघडलं तर उघडून बघणारा माणूस हवा असतो ओ. मशीन बिघडलं की कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघत बसणाऱ्यातले आपण नव्हे, मग ते पहिल्या पानावर लिहायला लाजता कशाला?

बरं, चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय, आणि जागा कुठं मिळतात तेच सांगायचं राहिलं, तर पटापट घ्या. युरोपातल्या जाहिराती युरॅक्सेस या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतात. युरोपियन युनियनची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप आहे, तिला पीएचडीनंतर संशोधनाचा अनुभव 8 वर्षांच्या आत हवा, आणि ज्या देशात जायचं तिथं मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीसाठी हुम्बोल्ट फेलोशिप आहे. भारतातच राहायचं असेल तर संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, पूर्वीच्या एसईआरबीची, आता एएनआरएफची एन-पीडीएफ, म्हणजे नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप आहे, 2 वर्षांची, वयाची अट 35, महिला आणि राखीव प्रवर्गांना 5 वर्षांची सूट, शिवाय आयआयटींच्या स्वतःच्या पोस्टडॉकच्या जागा निघतात त्या वेगळ्या.

मारी क्युरीची शेवटची तारीख बहुतेक सप्टेंबरात असते आणि प्रपोजल तिकडच्या प्रोफेसरबरोबर बसून लिहावं लागतं, गणपतीत धावपळ करून ते होत नाही, तेव्हा पहिलं पत्र एप्रिल-मेमध्येच गेलं पाहिजे, एकाच प्रोफेसरला, त्याचा पेपर वाचून, आणि खाली तुमच्या सेटअपचा फोटो जोडून.