करंगळीवर कोण?

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडं नीटनेटकं करून)

मंडळी, नमस्कार. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागे पावभाजी तयार आहे. माझी स्पर्धा कुणाशी आहे ते मला ठाऊक आहे.

बोलणार होतो मंडळाच्या हिशेबावर. पण गेल्या गुरुवारी मुलीच्या दप्तरातून एक कागद निघाला. चौथीत आहे ती. शाळेच्या काउन्सेलर बाईंनी वर्गात सगळ्यांना आपला पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवायला लावला होता. मनात काही खुपलं तर ज्याला जाऊन सांगता येईल, असं एकेक मोठं माणूस एकेका बोटावर लिहायचं. अंगठ्यावर वर्गाच्या बाई. मग काउन्सेलर. मधल्या बोटावर आजी. अनामिकेवर स्कूलबसचे ड्रायव्हरकाका. करंगळी रिकामी.

मी कागद उलटून मागेही पाहिलं.

मग घरात व्हायचं ते झालं. "ड्रायव्हर? आणि मी नाही?" बायको म्हणाली, "मी तरी कुठे आहे?" मुलीच्या भावना या विषयावर आम्ही दोघं इतक्या मोठ्यानं भांडलो, की ती खोलीत जाऊन दार लावून बसली. नंतर विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुला सांगितलं की तू सांगायला लागतोस."

तिचं मराठी कच्चं आहे असं मी इतके दिवस समजत होतो.

ऑक्टोबरात तिनं सांगितलं होतं, डबा खाताना तिच्याजवळ कुणी बसत नाही. मी काय केलं? मिरजेची शाळा, पावसातली पायपीट, तिघा भावंडांत एक छत्री (हसू नका, ती छत्री तुमच्याकडेही आहे) असं सगळं ऐकवलं. वर "मग तूच जाऊन बस ना कुणाजवळ!" तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न.

आजी काय करते ते परवा दाराआडून ऐकलं. आमची संध्याकाळ, आईची सकाळ. फोन नेहमीसारखा छताकडे. पडद्यावर पंखा आणि अर्धं कपाळ. नात बोलतेय आणि पंख्याखालून मधूनमधून येतंय, "अगंबाई! मग?" बस, एवढंच. हीच बाई मी रडत घरी आलो की आधी धपाटा घालायची आणि मग कारण विचारायची.

आता थोडं तुम्हालाही. 2021 च्या ऑक्टोबरात इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालमनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. आपण तेव्हा ऑनलाइन अबॅकस शोधत होतो. काउन्सेलरांची संघटना म्हणते, 250 मुलांमागे एक तरी काउन्सेलर हवा. पुष्कळ शाळांत एकेकीकडे त्याहून जास्त मुलं असतात. त्या गर्दीतून ती आपल्या पोराला बोलावते आणि आपण विचारतो, "हे कॉलेजच्या अर्जात दिसणार नाही ना?" मीच विचारलं होतं, थोरल्याच्या वेळी. ते बोलणं ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, येत नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र तिला गप्प बसता येत नाही, आणि ते बरंच आहे.

शनिवारी थेरपिस्टकडे जाणारं मूल आपल्याकडे 'पियानोला' जातं. कुणाचं नाव घेत नाही. थोरला आमचाही पियानोलाच जायचा. आमच्या घरात पियानो नाही. घरात वाढती मुलं असतील तर 988 हा नंबर फ्रिजवर लावा. जीव नकोसा झाला, मन फार खचलं, तर मदतीसाठीची ही हेल्पलाइन. 2022 च्या जुलैपासून सुरू आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, आणि मेसेजही करता येतो. पोरांना बोलण्यापेक्षा तेच सोपं वाटतं.

आणि गणपतीत स्टेजवर जायचं नाही म्हणून रडणाऱ्या मुलाला फेटा बांधून पुढे ढकलणारे हात माझेच. फोटो मंडळाच्या वेबसाइटवर आहे.

"करंगळी माझ्यासाठी ठेवलीस का गं?" असं तिला विचारून पाहिलं. "नाही, पाचवं माणूस आठवलंच नाही." कागद आता फ्रिजवर आहे. मी शेजारी पेन्सिल ठेवलीय. काल पाहिलं तर बायकोनंही एक ठेवलीय.

डबा खाताना ती हल्ली कुणाजवळ बसते, मला अजून माहीत नाही. माझ्या आईला माहीत असावं. विचारलं तर म्हणाली, "ते तिनं मला सांगितलंय."