हमीचा नफा

श्रोतेहो, नमस्कार.

मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत घाट चढून जाणारा लोहमार्ग 1880 च्या दशकात ज्या इंग्रज कंपनीने बांधला, तिचे नाव होते 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी'. या लांबलचक नावातला 'गॅरंटीड' हा शब्द मला फार बोलका वाटतो. गाडी भरून धावो वा रिकामी, भागधारकांना ठरलेला परतावा मिळेल अशी हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. म्हणजे जोखीम तिजोरीची आणि नफा लंडनचा. शिवाय या लोहमार्गाला वाट करून देणाऱ्या 1878 च्या करारानेच गोव्यातील मिठाच्या व्यवहाराचे नियंत्रण ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हाती गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या आगरांत मीठ पिकवणाऱ्यांना त्याची झळ सोसावी लागली. त्यांना हमी कोणीच दिली नव्हती.

आज ज्या विचाराविषयी मी बोलणार आहे, त्याला लिबर्टेरियन, म्हणजे कट्टर व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचार म्हणतात. सरकार लहान असावे, मालमत्तेचा हक्क पक्का असावा, व्यवहार उभयपक्षी संमतीने व्हावेत, ही त्याची मूळ भूमिका. त्यामुळे ही मंडळी बड्या कंपन्यांची वकिली करतात असा सरसकट समज आहे. काही जण ती करतातही, हे मान्य केले पाहिजे. परंतु या विचाराचा गाभा पाहिला तर खुल्या बाजाराची बाजू घेणे आणि बाजारात आज बसलेल्या व्यापाऱ्याची बाजू घेणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, आणि बहुधा परस्परविरोधी. ॲडम स्मिथने 1776 सालीच बजावले होते की एकाच धंद्यातील माणसे एकत्र जमली की बोलणे अखेर भाव वाढवण्याच्या संगनमतावर येते. आणि सनदेच्या बळावर व्यापार करणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीवर त्याने कठोर टीका केली होती. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1971 साली मांडले की उद्योगांवरील सरकारी नियमन पुष्कळदा त्या उद्योगालाच हवे असते, कारण नव्या स्पर्धकाला दाराबाहेर ठेवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय असतो. आपल्याकडे 1959 साली स्वतंत्र पक्ष स्थापन करणाऱ्या राजाजींनी ज्याला 'परमिट-लायसन्स-कोटा राज' म्हटले, त्यात परवाना नसलेला भरडला जात होता. परवाना मिळालेला कारखानदार मात्र सुखात होता.

गोव्याच्या खाणपट्ट्यातील डिचोली, सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील श्रोत्यांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. पोर्तुगीज राजवटीने खनिजाची जी कॉन्सेशन्स, म्हणजे खाणकामाचे हक्क, दिली, ती 1987 च्या कायद्याने रद्द होऊन त्यांची लीजेस, म्हणजे मुदतीचे भाडेपट्टे, झाली. हक्काचे नाव बदलले, हक्कदार बहुतांशी तेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये निर्णय दिला की या लीजेसची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती. म्हणजे त्यानंतर 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जेस (मालवाहू होड्या) भरून जे खनिज गेले, ते वैध लीजशिवाय गेले. पुढे केंद्राने 12 जानेवारी 2015 रोजी खनिजाची लीजेस लिलावाने देण्याचा अध्यादेश काढला. पण तोवर राज्य सरकारने जुन्याच धारकांच्या 88 लीजेसचे नूतनीकरण उरकले होते. न्यायालयाने या घाईवर ताशेरे ओढून 7 फेब्रुवारी 2018 रोजी ही सर्व नूतनीकरणे रद्द केली. या प्रकरणाला 'बाजाराचे अपयश' म्हणणे मला पटत नाही, कारण बाजार, म्हणजे खुली बोली, तिथे पोहोचू नये याचीच तजवीज झाली होती. लिलावाचे पर्व सुरू व्हायला 2022 साल उजाडले. मधल्या काळात ट्रकचे हप्ते थकलेले खाण अवलंबित मात्र दोन्ही बाजूंनी पोळले.

या विचाराची धार केवळ मोठ्यांवर चालते असेही नाही. आपल्याकडे ॲपवरच्या टॅक्सीला विरोध झाला, तेव्हा मागणी करणारे लहान, कष्टाळू लोक होते; मला त्यांच्याविषयी आपुलकी आहे. तरीही सरकारने नवा स्पर्धक रोखावा, ही मागणी जातीने तीच आहे. मांडवीतल्या कॅसिनोंचेही तसेच. परवाने मोजकेच, शुल्क कोट्यवधींचे. मग ज्याने नियम लावायचे ते सरकारच त्या उत्पन्नावर अवलंबून राहते, आणि परवानाधारकाला बाहेरच्या स्पर्धेची फारशी चिंता उरत नाही.

तथापि या विचाराच्या उपायाविषयी माझी एक शंका आहे. सरकारने केवळ बाजूला व्हावे, एवढे पुरत नाही. ज्याने काल मक्त्याच्या बळावर धक्का, बार्जेस आणि भांडवल जमवले, तो उद्याच्या खुल्या लिलावातही चार पावले पुढूनच धावतो. शिवाय भूगर्भातील खनिजाचे मालक आपल्याकडे बहुतांशी सरकारच असल्यामुळे, सरकार दूर झाले तर विकणार कोण, हा प्रश्न उरतो.

मर्यादित दायित्वाच्या प्रश्नावर तर या गोटातच मतभेद आहेत. कंपनी बुडाली तर भागधारकाचे फक्त गुंतवलेले पैसे जातात, घरदार जात नाही. काही लिबर्टेरियन म्हणतात की हा करारच आहे. कंपनीला कर्ज देणारा ही अट जाणूनच कर्ज देतो. इतरांचे म्हणणे असे की कर्ज देणाऱ्यापुरते ते खरे असेल, पण ज्याने कंपनीशी कोणताच करार केला नाही त्याच्यावर ही मर्यादा कायद्याने लादलेली असते, आणि म्हणून तीही सरकारी सवलतच आहे. मला दुसरी बाजू अधिक सबळ वाटते. पावसाळ्यात खाणीच्या डंपवरची, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावरची, लाल माती ओहोळातून वाहत येऊन ज्याच्या भातशेतीत गाळ होऊन बसली, त्या शेतकऱ्याने कुठल्याही कागदावर सही केलेली नव्हती. कंपनीकडे भरपाईपुरते पैसे उरले नसतील, तर तो गाळ उपसण्याचा खर्च त्याच्याच माथी येतो.