ॲडमिशनच्या पलीकडच्या सिस्टर

(दृश्य: सकाळचं इंदूर. शाळेच्या रिक्षा, दोन वेण्या घातलेल्या मुली, फाटकाशी घुटमळणारे पालक.)

इंदूरच्या मराठी माणसाची कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांशी गाठ पडते ती बहुतेक ॲडमिशनच्या दिवसांत. घर रामबागेतलं नाहीतर सुदामानगरातलं. लेक जेमतेम साडेतीन वर्षांची, आणि आई-बाबा मिळून तिच्याकडून इंग्रजीत नाव सांगायचा सराव करून घेतायत. एकदा प्रवेश मिळाला की मग सिस्टर म्हणजे शिस्त, फी आणि कापलेली नखं. पुढे दहावी-बारावीपर्यंत ओळख तेवढीच राहते.

सेंट राफेल्स ही इथली मुलींची शाळा ज्या कॅथलिक संघाच्या सिस्टर चालवतात, त्याची सुरुवात फार लांब झाली. नेदरलँड्समधल्या स्टाइल गावी, १८८९ साली. संस्थापक म्हणून नाव घेतलं जातं आर्नॉल्ड यान्सन यांचं. पण त्यांच्यासोबत दोघी होत्या, हेलेना स्टॉलनवेर्क आणि हेंड्रिना स्टेनमान्स. मिशनरी व्हायचं म्हणून आलेल्या या दोघी आधी कित्येक वर्षं तिथल्या मिशन-घराच्या स्वयंपाकघरात राबत होत्या. हेलेना तर १८८२ पासून. पुरुषांचा संघ केव्हाच उभा राहिला होता. बायकांचा व्हायला सात वर्षं भांडी घासावी लागली. आपल्याकडच्या आज्यांना हे ऐकून फारसं नवल वाटणार नाही.

(दृश्य: शाळेमागची छोटी खोली. दोन खुर्च्या, टेबल नाही.)

शाळा सुटल्यावर इथे मुली येतात. एकेकट्या. नववीतली एक मुलगी पाच मिनिटं नुसती ओढणीचं टोक पिळत बसली आहे. सिस्टर तिला काही विचारत नाहीत. टेबल मुद्दाम ठेवलेलं नाही. ते मध्ये आलं की समोरचा माणूस हेडमास्तर वाटायला लागतो. शेवटी मुलगी म्हणते, “सिस्टर, तुम्ही आईला सांगणार?”

प्रश्न सोपा नाही. कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदन, म्हणजे केलेल्या पापांची कबुली, ऐकायचा अधिकार फक्त धर्मगुरूंना, म्हणजे फादरांना. तिथे ऐकलेलं त्यांना कुठेच, कोणालाच सांगता येत नाही. सिस्टरांचं तसं नाही. त्यांच्या खोलीत बोललेलं खासगी राहतं, पण एका मर्यादेपर्यंत. मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. चांगली समुपदेशक ही गोष्ट मुलीला आधीच सांगून टाकते. वचन देऊन मग मोडण्यापेक्षा ते बरं. बाकी बऱ्याच तक्रारी ओळखीच्याच असतात: मार्क, मोबाइल, घरातली भांडणं, आणि ‘मला सायन्स नकोय’.

(आवाज: तबल्याचा ठेका, पाठोपाठ पेटी.)

पलीकडच्या हॉलमध्ये नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चाललीय. गव्हाणीतल्या बाळाचं गाणं, चाल भैरवीच्या अंगाने जाणारी. मरियेच्या अंगावर लुगडं आहे, आणि मेंढपाळाचं मुंडासं कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातून आलंय. पूर्वी चर्चची उपासना लॅटिनमध्ये चाले. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेला दार उघडलं. पण या भागात ते काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं. १९३२ मध्ये युरोपातून भारतात आलेले फादर जॉर्ज प्रॉक्श हिंदीत भजनं रचू लागले, भारतीय नृत्यातून येशूची कथा सांगू लागले. पुढे मुंबईत अंधेरीला त्यांनी ज्ञान आश्रम काढला.

देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत बेंद्रे आणि हुसेन शिकले ते याच गावात. कलेसाठी वेळ काढणं इथे कुणाला चैन वाटत नाही. तरी पालक विचारतातच, “सिस्टर, नाचामुळे अभ्यास मागे नाही ना पडणार?”

आणखी एक प्रश्न असतो, तो मात्र सिस्टरांच्या पाठीमागे विचारला जातो. धर्मांतराचा. मध्य प्रदेशात बळजबरीच्या धर्मांतराविरुद्ध १९६८ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये तो नव्याने आला. संशय असेल त्याने विचारावं. पण लेकीला बारा वर्षं ज्यांच्या हवाली केलं, त्यांना तोंडावर विचारावं, एवढंच आमचं म्हणणं.

(दृश्य: देवास जिल्हा. उदयनगरकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना डोंगर.)

शिकवणं कुठवर जाऊ शकतं, ते या रस्त्यावर दिसतं. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. १९९२ मध्ये उदयनगरला आल्या. आदिवासी शेतकऱ्यांना त्यांनी सरकारी योजना समजावल्या, बँकेचं कर्ज कसं मिळवायचं ते शिकवलं, बचतीची सवय लावली. सावकाराकडे जाणारी पावलं थांबायला लागली. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, चाकूचे ५० हून अधिक वार करून त्यांना मारलं गेलं. मारणाऱ्या समंदर सिंहला जन्मठेप झाली.

पुढची गोष्ट सगळीकडे चमत्कारासारखी सांगितली जाते: २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने समंदरच्या हाताला राखी बांधली. आम्हाला ती चमत्कार वाटत नाही. मधे सात वर्षं गेली होती. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक फादर त्याआधी तुरुंगात जाऊन समंदरशी बोलत राहिले होते. बायकोने सोडलेला, सूड घ्यायच्या गोष्टी करणारा माणूस एका भेटीत ऐकत नसतो, आणि ज्याने बहीण मारली त्याच्यासमोर उभं राहायचं बळही एका रात्रीत येत नाही.

राणी मारियांच्या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्जही केला. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांत समंदर सिंहही होता.